हाताला बसणारी मूठ

१७ ऑगस्ट, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. पलटणीत मी आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं तपासणारा आणि दुरुस्त करणारा हवालदार. प्रत्येक हत्यार तपासलं की शेरा लिहायचा, खाली सही करायची. बोललेलं माणूस फिरवतो, लिहिलेलं फिरवता येत नाही. आता पिस्तूल विकणाऱ्यांशी गाठ पडणार आहे आणि त्या जातीवर माझा काडीचा विश्वास नाही. खरं तर कोणावरच नाही. आमची बायको शालूबाई म्हणते, हे देवळात गेले तरी चपला दिसतील असे उभे राहून हात जोडतात. जोडतो. माझ्या चपला अजून एकदाही गेलेल्या नाहीत.

पिस्तूल सुनेसाठी घ्यायचं आहे. तेजस्वी, आम्ही तेजू म्हणतो, ती मला मामा म्हणते. पिरनवाडीहून रोज शहरातल्या शाळेत खेळ शिकवायला जाते. दोन वर्षांपूर्वी जत्रेत फुगे फोडायच्या दुकानासमोर आम्ही सगळे उभे होतो. आधी युवराजनं, माझ्या पोरानं, बंदूक घेतली. एक फुगा फुटला नाही. मग तिनं घेतली आणि पाटीवरचे सगळे फुगे उडवले. लोक हसायला लागले, शिट्ट्या वाजल्या. युवराज म्हणाला ऊन डोळ्यावर येत होतं. मी मात्र त्याच दिवशी ठरवलं की ह्या पोरीला रेंजवर न्यायचं. आता ती दहा मीटर एअर पिस्तुलात जिल्ह्यात पहिली आहे. नोव्हेंबरात बेंगळूरला राज्य संघाची निवड. क्लबचं पिस्तूल दहा जणांच्या हातातलं, त्यावर निवड होत नसते.

अडचण तिच्या हाताची आहे. हात पाचवीतल्या पोरीएवढा. कासारीण बांगड्या भरायला आली की हिच्यासाठी लहान मुलींचा डबा उघडते. उलट आमच्या घराण्याचे पंजे सुपाएवढे. युवराजचा हात म्हणजे माझ्याच हाताचा छाप. उद्यमबागेत कारखान्यात सुपरवायझर आहे, पाना सापडला नाही तर नट हातानं आवळतो असं तिथली माणसं सांगतात. ऐकून बरं वाटतं.

शेजारी विचारत होता, सुनेला पिस्तूल कशाला हवालदार, कुणावर संशय आहे काय? म्हटलं, सगळ्यांवर.

२१ ऑगस्ट, गुरुवार

कोल्हापूरचा विक्रेता तीन पिस्तुलं घेऊन रेंजवर आला. गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्याच्या पेटीचा तळ आधी बघावा, म्हणून बघितला. तळाला काही नव्हतं.

नागेंद्र सर तिथले प्रशिक्षक. घरचे कानडी, मराठी बरं बोलतात. त्यांनी तेजूला डोळे मिटून पिस्तूल उचलायला लावलं. डोळे उघडल्यावर पुढची निशाणी मागच्या खाचेत आपोआप सरळ दिसली पाहिजे, दिसली नाही तर मूठ हाताची नाही. मग अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली बेचकी मुठीच्या पार वर चढते का ते बघितलं. बोटाच्या पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर सपाट बसते का, की नुसतं टोक पोचतं? टोकच पोचत असलं तर बोट पिस्तुलाला ढकलतं आणि छर्रा डावीकडे जातो. आणि मनगट न वाकता सगळं एका रेषेत.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी म्हटलं, हत्यार जरा जड असावं, मुठीत भरावं, म्हणजे हलत नाही.

"हवालदार, ही रायफल नाही हो," नागेंद्र म्हणाले. "एक हात, टेका नाही. हात लहान तर पिस्तूल लहान. आखूड नळीचं, हलकं घ्या. लहान मूठ मागवून घेऊ."

लहान मूठ परदेशातून यायची. मागवणार कोण, तर हेच. मला तिथंच पाणी मुरताना दिसलं. मी मोठं पिस्तूल मधल्या मापाच्या मुठीसह पसंत केलं. मूठ काय, कानशीनं मी घासून देईन. गणपती होईपर्यंत वापरून बघा म्हणाला विक्रेता. तेजूला विचारलं, चालंल का? ती म्हणाली, "बरं मामा." ती सगळ्यालाच बरं म्हणते.

३० ऑगस्ट, शनिवार

घरात गणपती, पाहुण्यांची ये-जा. पिस्तूल बघायला सगळ्यांना हवं. युवराजनं आरतीनंतर सगळ्यांना हसवलं. "आमच्यात बायको बंदूक चालवती, मी भांडी घासतो. आता फकस्त कुक्कू लावायचं राह्यलंय." पोरगं विनोदी आहे. तेजू आत मोदकांचं बघत होती, तिनं ऐकलं नसावं.

तिचे छर्रे डावीकडे जातायत. मूठ दोनदा घासली, तरी बोट पोचत नाही. आणि उजवं मनगट सुजलंय. मला दाखवत नव्हती. ह्या उकाड्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता, वाढताना बाही वर सरकली तेव्हा दिसलं.

"कशानं गं?"

"पिस्तूल जड हाय मामा."

विक्रेत्यानं वजन खोटं सांगितलं असणार. उद्या वाण्याच्या काट्यावर टाकतो.

१ सप्टेंबर, सोमवार

वजन बरोबर निघालं. मनगट काल बरं वाटत होतं, आज पुन्हा फुगलं. काल रविवार, रेंज बंद. मग सुजलं कशानं?

८ सप्टेंबर, सोमवार

आजही तेच. आठवडाभर नेम धरते तेव्हा सूज उतरत जाते आणि सुट्टी झाली की सोमवारी मनगट वर येतं. हत्याराच्या बाबतीत असं उफराटं मी कधी पाहिलं नाही. एकच अर्थ निघतो, पोरगी सुट्टीत चोरून सराव करते. पिस्तुलाच्या पेटीची किल्ली माझ्या करगोट्याला आहे, म्हणजे दुसरं पिस्तूल कोणीतरी देतंय. कोण?

सरळ विचारलं. "खरं सांग, रईवारी कुटं नेम धरत हुतीस?"

"कुटं न्हाय मामा. घरातच हुतो की."

घरातच होती हे खरं. मीही ओसरीवर होतो. वर त्यांच्या खोलीचं दार लावलेलं होतं, युवराजला सुट्टी होती, दोघं बोलत बसली असतील. पण ती माझ्याकडे न बघता बोलली आणि डोळा चुकवणाऱ्याला मी सोडत नाही.

शालूबाई मीठ आणि कोंड्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून तिचं मनगट शेकत होती. मला म्हणाली, "पिस्तुलानं मनगट सुजत न्हाय."

"तुला पिस्तुलातलं काय कळतंय?"

"पिस्तुलातलं न्हाय कळत. मनगटातलं कळतंय." आणि मग चष्मा शोधणाऱ्या माझ्याकडे बघून म्हणाली, "काखेत कळसा आन गावाला वळसा." चष्मा कपाळावर होता.

पिस्तूल परत पाठवलं. विक्रेत्यानं हूं का चूं केलं नाही. त्याचाही मला संशय आला.

१४ सप्टेंबर, रविवार

निपाणीला जाऊन आलो, तेजू आणि मी. नागेंद्रनी पत्ता दिला होता. निशा म्हणून एक बाई, पूर्वी कर्नाटकाकडून नेम धरायची. मूल झाल्यावर सोडलं. तिचा हातही लहान, म्हणून तिचं आखूड पिस्तूल बघावं.

घर तंबाखूच्या वखारीला लागून. आत गेलो की पहिल्यांदा शिंकच येते. तिचा नवरा जिनेंद्र तंबाखूचा व्यापारी. मी बसल्या बसल्या विचारलं, तुमच्या जैनांच्या घरात पिस्तूल कसं चाललं? तो हसला. "कागदाला भोक पडतंय काका, जिवाला न्हाई. आमच्या आईंनी आधी टार्गेटचा कागद मागवून घेतला. माणसाचं, पाखराचं चित्र न्हाई न्हवं म्हणून उलटसुलट बघितला, मग व्हय म्हटल्या." उत्तर तयार होतं. तयार उत्तरं मला आवडत नाहीत.

पण पिस्तूल! तेजूनं डोळे मिटून उचललं, उघडले, आणि तिचा चेहराच बदलला. बेचकी वरपर्यंत, गादी सपाट. मूठ निशानं स्वतःच्या हातासाठी घासलेली, आणि ह्या पोरीच्या हाताला मापानं शिवल्यासारखी बसली. मलाही आनंद झाला, पण तोंडावर दाखवला नाही. विकणाऱ्यासमोर दाखवू नये.

मनगटाची रेष बघायला निशानं तेजूची बाही वर सारली. आणि थांबली. बघतच राहिली. मग हळूच बाही खाली ओढली आणि म्हणाली, "हाताला घाम आलाय. चल गं आत, धुवून येऊ."

हात धुवायला किती वेळ लागतो? माझा चहा झाला, जिनेंद्रचं तंबाखूच्या भावाचं गाऱ्हाणं झालं, तरी दोघी आतच. बाहेर आल्या तेव्हा तेजूचे डोळे लाल. तंबाखूची धूळ, निशा म्हणाली. माझे डोळे मग लाल का झाले नाहीत?

पुढचं तर फारच चमत्कारिक. निशा म्हणते, "काका, पिस्तूल घेऊन जावा. सवडीनं बघू देण्याघेण्याचं. न्हाई तर असं करा, पिस्तूल हितंच ऱ्हाऊ दे, तेजस्वीच येऊ दे हिकडं. वर खोली रिकामी हाय. निवड हुईपर्यंत ऱ्हाऊ दे की."

विकलेली वस्तू विकणाऱ्याच्या घरी ठेवायची? आणि बरोबर आमची सून पण? मी पेटी उचलली आणि निघालो. निशा बसथांब्यापर्यंत आली. बस हलताना तेजूला कानडीत म्हणाली, "यावाग बेकादरू बा." कधीही ये. मला कानडी कळतं हे ती विसरली असावी.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पिस्तूल पूर्ण खोललं. प्रत्येक स्क्रू, हवेची नळी, रबरी रिंगा. दोष नाही. कुठंच नाही. मग एवढ्या घाईनं का देत होती? दुधानं तोंड पोळलेला मी, ताकही फुंकून पिणार.

तेजूचे छर्रे आज मध्यावर. नागेंद्र टाळ्या वाजवत होते.

घरी युवराजला सांगितलं, तर म्हणाला, "बरं झालं," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. थकून येतो बिचारा.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. कासारीण आली, शालूबाईनं स्वतःला आणि सुनेला हिरव्या बांगड्या भरल्या. तेजूचा उजवा हात दाबताना कासारीण "आई गं" म्हणाली. हात दुखला होता तेजूचा, ओरडली मात्र कासारीण. बायकांचं काही कळत नाही.

मनगट पुन्हा सुजलंय. ह्या पिस्तुलावरही! हलकं, हाताच्या मापाचं, खोलून तपासलेलं. मी आज जेवलो नाही. निवड तोंडावर आली, असं मनगट घेऊन ही साठ नेम कशी धरणार?

युवराज ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. क्वचित बसतो. म्हणाला, "आप्पा, तुमी हत्यार बघतायसा, माणसं बघा. त्यो नागेंद्र तिला फोन करतोय. कानडीत बोलत्यात, म्हंजे आमाला कळू ने."

"आपल्याला कळतंय की कानडी."

"म्हंजे काय झालं?" म्हणाला आणि उठला.

मला बरं वाटलं नाही. पण पोरगं उगीच बोलणार नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

रेंजवर न सांगता गेलो आणि मागं उभा राहून दोन तास बघितलं. नागेंद्र तिच्यापासून हातभर लांब उभे राहतात. मनगट सरळ करायचं झालं तर लाकडी पट्टीनं दाखवतात, हात लावत नाहीत. कानडीत बोलतात ते श्वासाबद्दल. संशय घ्यायला जागाच ठेवत नाही हा माणूस, त्याचाच संशय येतो.

शेवटी त्यांना बाजूला घेतलं. मनगट का सुजतंय सांगा. त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "हवालदार, पिस्तुलानं असं होत नाही. मी तिला विचारलं, ती पिस्तूल म्हणते. तुम्ही घरी विचारा."

स्वतःची चूक दुसऱ्याच्या घरावर ढकलतायत. रागानं निघून आलो. आजचा शेरा: प्रशिक्षक टाळाटाळ करतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. पाटावर विळा, कोयता, कानस, माझा जुना स्क्रूड्रायव्हर, युवराजचा मोठा पाना, सगळं पुजलं. मी मधोमध पिस्तूल ठेवलं.

"माज्या हत्याराशेजारी हिचं खेळनं कशाला?" युवराज म्हणाला.

 शालूबाईनं पाना उचलून कडेला ठेवला, पिस्तूल मध्येच. मी मुठीवर हळदी-कुंकवाची बोटं ओढली, फूल वाहिलं. पुजलेलं हत्यार आमच्याकडे दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी हलवत नाही. तेजूनं लांबूनच नमस्कार केला. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटतं अभिमानानं आलं.

दुपारी जेवण झाल्यावर युवराजनं वरून हाक मारली आणि ती गेली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

 घडलं तसं लिहितो.

सकाळी पूजा उतरवली आणि पिस्तूल उचललं. मुठीवरची हळद-कुंकवाची बोटं जशीच्या तशी. वाळलेली, एक रेघ पुसलेली नाही. म्हणजे कालपासून त्याला कोणाचाही हात लागलेला नाही. शाळेला सुट्टी, रेंज बंद, ती उंबऱ्याबाहेर गेलेली नाही.

तेवढ्यात तेजू चहा घेऊन आली. कप डाव्या हातात. उजवा हात पदराखाली. घट बसले त्या दिवशी भरलेल्या हिरव्या बांगड्यांपैकी उजव्या हातात एकही नाही.

"बांगड्या?"

शालूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "वाढवल्या." फुटल्या म्हणत नाही सवाष्ण. सकाळी मोरीच्या तोंडाशी हिरवे तुकडे मी स्वतः बघितले होते आणि पायात जातील म्हणून उचलले होते. कशा वाढल्या हे विचारलं नव्हतं.

"हात बघू तेजू."

"काय न्हाय मामा, पिस्तुलानं…" सवयीनं सुरू झाली.

"पिस्तूल कालपासनं पाटावर हाय."

 मी तिचा हात घेतला. रेष बघताना धरतात तसं मनगटाभोवती बोटं घातली, हलक्यानं. आतल्या बाजूला एक निळा डाग होता. माझा अंगठा त्याच्यावर बसला. तसूभर इकडं नाही की तिकडं नाही. बाहेरच्या बाजूला चार डाग होते, आणि माझी चार बोटं त्या चार डागांवर बसली. ह्या हाताला काय बसतं ते मी श्रावणापासून शोधतोय.

मी हात सोडला. चुलीतला निखारा सोडावा तसा सोडला.

आमच्या घराण्याचा पंजा.

"आता दिसलं?" शालूबाई म्हणाली.

"तुला ठावं हुतं?"

"मला ठावं हुतं. तुमाला सांगत हुतो. तुमी कानस घासत हुतासा."

मी तेजूला विचारलं, कधीपासून. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "जत्रंपासनं, मामा. फुगं फोडलं त्या राती पयल्यांदा."

मी ज्या दिवसाची फुशारकी मारत फिरलो, तो दिवस. ऐकलं आणि बसलो. 

युवराज नवा शर्ट घालून खाली आला. आपट्याची पानं घेऊन माझ्या पायाशी वाकला, "सोनं घ्या आप्पा." मी घेतलं नाही. म्हटलं, हात दाखव. हसत दाखवला. माझाच हात, तरुण. मी त्या हाताकडे बघतोय हे त्याला कळलं, मग त्यानं तेजूकडे बघितलं, मग त्याचं हसू गेलं.

"नवरा-बायकोतलं हाय आप्पा. तुमी तुमचं पिस्तुलाचं बघा."

"पिस्तुलाचं बघून झालं."

"माजं ऐकून तरी घ्या. लोक काय काय बोलत्यात माझ्यामागं, कारखान्यात मला हसत्यात…"

"हसू देत. हसण्यानं कुणाचं मनगट सुजत न्हाय. हे घर माझं हाय. ती ऱ्हायली तर तू ऱ्हायाचं न्हाईस."

मला वाटलं मी मोठं काहीतरी बोललो. पण तेजू म्हणाली, "मामा, मला हितं न्हाय ऱ्हायाचं. मी निपाणीला जातो."

मला वाईट वाटलं. तिनं थांबावं असं वाटत होतं. पण आजवर मी निवडलं आणि ती बरं म्हणाली. आज तिनं निवडलं. मी बरं म्हटलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बसमध्ये पिस्तुलाची पेटी माझ्या मांडीवर, तिची बॅग तिच्या. संकेश्वर गेल्यावर ती बोलली, खिडकीकडे बघतच.

"तुमी रोज मनगट बघत हुतासा मामा. मला वाटायचं, आज इच्यारत्याल. तुमी पिस्तुलालाच इच्यारायचा."

 लाज वाटली. सगळ्या जगावर संशय घेतला, विक्रेत्यावर, निशावर, नागेंद्रवर, खुद्द तिच्यावरही. एका माणसावर घेतला नाही, कारण त्याचा हात माझ्यासारखा होता.

निशा दारातच उभी होती. तिनं पेटी घेतली नाही, तेजूचा हात घेतला. मला म्हणाली, "काका, त्या दिवशी मी बोलायला पायजे हुतं. तुमीच असाल असं वाटलं मला." तिनं संशय घेतला होता तर. माझ्यावर. माप बघून घेतला, आणि माप बरोबर होतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

शहरात आज नेहमीचंच, मराठी लोकांची काळ्या दिवसाची निषेध फेरी एकीकडे, कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक दुसरीकडे. बस नाहीत, निपाणीला जाता आलं नाही. घरात बसून लिहितो.

तेजूनं तक्रार दिली. निशा बरोबर होती. साक्षीदार म्हणून माझं नाव घालू का, असं तेजूनं फोनवर विचारलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. रात्रभर विचार करीन म्हणालो असतो, पण तसं म्हणालो नाही. घाल म्हटलं. चौकीत जाऊन सही केली. स्वच्छ, वाचता येईल अशी.

युवराज कारखान्याजवळ खोली घेऊन राहतो. परवा दारात आला होता. आत ये म्हटलं नाही. म्हणाला, पोराविरुद्ध सही करणारा बाप बघितला नव्हता. मी म्हटलं, मीही नव्हता. तो गेल्यावर बराच वेळ तिथंच उभा होतो. माझं पोरगं आहे. लहानपणी ह्याच उंबऱ्यावर माझ्या बोटाला धरून चालायला शिकलं.

शालूबाई त्याला डबा पाठवत नाही. पण रोज दोन भाकरी जास्त थापते आणि दुपारी गपचूप म्हशीला घालते.

२३ नोव्हेंबर, रविवार. बेंगळूर

निवडीची चाचणी झाली. मी, निशा आणि नागेंद्र सर, तिघं मागच्या खुर्च्यांवर. नागेंद्रची माफी मागितली. ते म्हणाले, "हवालदार, तुम्ही दोन तास मागं उभे होता तेव्हा मला वाटलं गोळी घालता." मग हसले, मला हसू आलं नाही.

सगळे पडद्यावरचे आकडे बघत होते. मी दाराकडे बघत बसलो. युवराज येईल असं कोणी सांगितलं नव्हतं, पण मी दार सोडलं नाही. एकदा एक उंच माणूस आत आला तेव्हा उठून उभा राहिलो. कोणाचा तरी बाप होता, खुर्ची शोधत होता. बसलो आणि पुन्हा दाराकडे. संशयी स्वभाव आता ह्या वयात जाणार नाही, तर निदान पहाऱ्याला तरी लावावा.

संघात नाव आलं. शेवटचं, पण आलं.

तेजू बाहेर आली ती सरळ माझ्यापाशी. डाव्या हातात हिरव्या बांगड्या, उजवा नेमासाठी मोकळा. मी काही विचारायच्या आधी तिनं उजवी बाही कोपरापर्यंत सारली आणि हात पुढे केला. "बघा मामा."

मी हात लावला नाही. चष्मा घालून नुसतं बघितलं. मग विचारलं, "तू बरी हाईस का गं?" ती म्हणाली, "हाय." आणि रडली, आणि मी पण.

पलटणीच्या पद्धतीनं शेवटचा शेरा लिहितो. निपाणीत रोज सराव, आज निवडीचे सगळे नेम. मनगट सरळ. सूज नाही, डाग नाही.

पिस्तुलात दोष नव्हता.